शस्त्रक्रियागृहाच्या दारापासून अतिदक्षता विभागाच्या खाटेपर्यंत

हृदयाची शस्त्रक्रिया चार-पाच तास चालते. बाहेरच्या बाकांवर घरची मंडळी नवकार मंत्राचा जप करीत बसलेली असतात. दुकान अर्ध्या दिवसापुरते मुनीमजींवर सोपवून आलेले थोरले बंधू फोन कानाला लावून येरझारा घालीत असतात. अखेर दार उघडते, शल्यविशारद तोंडावरचा मास्क खाली करून ‘ऑपरेशन व्यवस्थित पार पडले’ एवढेच सांगतात आणि त्या एका वाक्यासरशी सर्वांच्या छातीवरचे दडपण उतरते. कोणी गावाकडे फोन लावतो, कोणी देवदर्शनाचा नवस आठवतो. संकट टळले, अशीच सर्वांची समजूत होते. वस्तुतः नेमक्या त्याच वेळी रुग्णाच्या त्या दिवसातील एक अत्यंत नाजूक अर्धा तास सुरू होत असतो, आणि घरच्यांना त्याची बहुधा कल्पनाही नसते.

हा अर्धा तास म्हणजे शस्त्रक्रियागृहातून अतिदक्षता विभागात जाण्याचा. अंतर पाहिले तर एखादी मार्गिका, एखादी लिफ्ट. परंतु या प्रवासात काय काय घडते ते पाहू. रुग्ण अद्याप भुलीच्या अमलाखाली आहे. त्याच्या श्वासनलिकेत नळी आहे आणि भूलतज्ज्ञ हाताने रबरी फुगा दाबून त्याला श्वास देत आहेत. मानेतील मोठ्या शिरेत एक नळी, मनगटातील रोहिणीत रक्तदाब मोजणारी दुसरी, छातीतून साचणारे रक्त बाहेर काढणाऱ्या एक-दोन ड्रेनच्या नळ्या, हृदयाचे ठोके गरज पडल्यास चालवण्यासाठी बसवलेल्या बारीक तारा आणि रक्तदाब टिकवणारी औषधे थेंबाथेंबाने सोडणारे तीन-चार सिरिंज पंप. हे सारे खाटेसह चालू लागते. भिंतीतील ऑक्सिजनऐवजी लहान सिलिंडर, मोठ्या मॉनिटरऐवजी बॅटरीवरचा छोटा मॉनिटर. अतिदक्षता विभागात पोचल्यावर पुन्हा सगळे उलट क्रमाने बदलायचे असते. सिलिंडर काढून भिंतीची नळी, फुग्याऐवजी व्हेंटिलेटर, एका मॉनिटरची जोडणी सोडवून दुसऱ्याची.

यातील प्रत्येक बदल ही चुकीला मिळालेली संधी असते. ॲड्रिनॅलिनसारख्या औषधाचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो, त्यामुळे पंप बदलताना धार खंडली तर रक्तदाब पाहता पाहता कोसळतो. ड्रेनची नळी खाटेच्या कठड्यात दबली तर रक्त बाहेर न येता हृदयाभोवती साचते आणि हृदय आवळले जाते. व्हेंटिलेटर जोडला पण सुरू करायचा राहिला, तर ते लक्षात येईपर्यंतचे क्षण फार महाग पडतात.

हे झाले यंत्रांचे. दुसरे हस्तांतर माहितीचे असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून अधिक धोक्याचे. शस्त्रक्रियेत रक्त किती गेले, किती दिले, कोणता टाका अवघड ठिकाणी आहे, भूल देताना काय अडचण आली, कोणत्या औषधाची रुग्णाला ॲलर्जी आहे, पुढच्या सहा तासांत कशावर डोळा ठेवायचा, हे सर्व काही तास ज्यांच्या डोक्यात होते ते लोक आता निघून जाणार असतात. ज्यांनी ते पाहिलेले नाही अशांच्या हाती रुग्ण येणार असतो.

व्यापारी घरांना या प्रसंगाचा स्वभाव समजावून सांगावा लागू नये. पुण्याहून निघालेला माल इचलकरंजीत उतरतो तेव्हा तूट-फूट बहुधा रस्त्यात होत नाही, ती चढवताना आणि उतरवताना होते. म्हणूनच बिल्टी असते, नग मोजून घेतले जातात, पोच दिली जाते. बँकेत रोखपालाची बदली झाली की तिजोरी उघडून घेणारा प्रत्येक गड्डी मोजतो, देणारा समोर उभा राहून पाहतो, वहीत दोघांच्या सह्या होतात आणि मगच किल्ली हातातून हातात जाते. सही होईपर्यंत जोखीम देणाऱ्याची आणि सही झाल्यावर घेणाऱ्याची. मधल्या काळात ‘मला वाटले त्यांनी पाहिले असेल’ या वाक्याला स्थान नसते. नोटांसाठी शतकभर पाळलेली ही शिस्त माणसाच्या जिवासाठी मात्र रुग्णालयांत फार उशिरा आली. ती कशी आली याची हकिकत मोठी उद्बोधक आहे.

लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हे लहान मुलांचे जगप्रसिद्ध रुग्णालय. तेथे जन्मतः हृदयदोष असलेल्या बालकांवर शस्त्रक्रिया होतात. काही अर्भकांत हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य वाहिन्यांची जागा अदलाबदल झालेली असते, त्यामुळे शुद्ध रक्त शरीराला मिळतच नाही. या वाहिन्या कापून योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलमधील साओ पावलो येथे आदिब जातेने यांनी १९७५ साली प्रथम यशस्वी केली. ती आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते. तीन किलो वजनाच्या अर्भकाच्या देहात एकूण रक्त सुमारे अडीचशे मिलिलिटर, म्हणजे मोठ्या पेल्याएवढे असते. मोठ्या माणसाच्या बाबतीत ज्या चुकीची कोणी दखलही घेणार नाही, ती चूक येथे प्राणांवर बेतू शकते.

या रुग्णालयात मार्क द लेव्हल हे मूळचे बेल्जियमचे शल्यविशारद होते. त्यांनी १९९४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्या १०४ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. पहिल्या ५२ बालकांत एकच मृत्यू, आणि त्यानंतरच्या सोळा बालकांत सात. असे का व्हावे? हात तेच, रुग्णालय तेच. नशिबाला बोल लावून मोकळे होता आले असते. द लेव्हल यांनी तसे केले नाही. कारखान्यात मालाचा दर्जा घसरू लागला तर तो वेळीच ओळखण्यासाठी वापरतात त्या प्रकारचे आलेख त्यांनी स्वतःच्या कामाला लावले, ज्यांचे निकाल चांगले होते अशा दुसऱ्या शल्यविशारदांकडे जाऊन पुन्हा शिकून घेतले, आणि हे सारे छापून जगापुढे ठेवले. आपल्या परंपरेत गुरूपुढे दोष उघड करण्याला आलोचना म्हणतात. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणणे सोपे असते, परंतु आकडेवारीसह, स्वतःच्या नावानिशी, व्यवसायबंधूंच्या समोर ते म्हणणारी माणसे कोणत्याही देशात थोडीच असतात.

त्यापुढे त्यांनी सहकाऱ्यांसह ब्रिटनमधील १६ केंद्रांतल्या २१ शल्यविशारदांच्या २४३ शस्त्रक्रियांचा अभ्यास केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेली गोष्ट अनपेक्षित होती. मोठी चूक झाली की सर्वांचे लक्ष तिकडे जाते, धावपळ होते आणि पुष्कळदा ती सावरलीही जाते. परंतु लहानसहान चुका कोणाच्या लक्षात येत नाहीत, त्या एकीवर एक साचत जातात आणि रुग्णाला भोवतात. पेढीवर जसे एखादे मोठे बुडीत येणे मालक लगेच ओळखतो, पण रोजच्या मापातील चिमूटभर तूट वर्षाअखेर ताळेबंदात दिसते, तसेच हे.

या पार्श्वभूमीवर पुढचा प्रसंग घडला. एका अवघड, थकवणाऱ्या दिवसानंतर त्याच रुग्णालयातील शल्यविशारद मार्टिन इलियट आणि बालअतिदक्षता विभागाचे ॲलन गोल्डमन दूरचित्रवाणीवर फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत पाहत होते. दोघांनाही या शर्यतींची आवड. मोटार थांबते, वीसेक माणसे तिच्याभोवती येतात, चारही चाके बदलतात, इंधन भरतात आणि सात-आठ सेकंदांत मोटार पुन्हा रस्त्याला लागते. कोणी ओरडत नाही, कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. दोघांच्याही मनात एकच विचार आला: आपणही हेच करतो, आणि आपले काम असे का दिसत नाही?

शर्यतीच्या वेडापायी सुचलेली कल्पना म्हणून ती तेथेच विरून गेली असती. या डॉक्टरांनी मात्र इटलीतील मॅरनेल्लो या गावी जाऊन फेरारीच्या तंत्रज्ञांची भेट घेतली. आपल्या रुग्णालयातील हस्तांतराचे चित्रीकरण त्यांनी त्यांना दाखवले. फेरारीचे तांत्रिक व्यवस्थापक नायजेल स्टेपनी यांना ते पाहून आश्चर्य वाटले. एकाच वेळी अनेक संभाषणे चालली आहेत, प्रत्येक जण समोर दिसेल ते काम उचलतो आहे, आणि या सर्वांत प्रमुख कोण हे कळत नाही! जगातील निष्णात डॉक्टरांना मोटारीच्या कारागिरांनी दोष दाखवावेत आणि डॉक्टरांनी ते वहीत टिपून घ्यावेत, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहण्यासारखे आहे.

फेरारीकडून घेतलेल्या गोष्टी तशा साध्या होत्या. शर्यतीत मोटारीपुढे लांब काठीची पाटी धरून एक माणूस उभा असे. त्याने पाटी उचलल्याशिवाय मोटार हलत नसे. चाकाजवळच्या कोणालाही घाई झाली तरी निर्णय त्या एकाचाच. रुग्णालयात असा पाटीवाला नव्हता. दुसरे म्हणजे, प्रत्येकाला एकच काम, तेच काम, त्याच क्रमाने. तिसरे, काम चालू असताना बोलणे नाही. चौथे, काहीही बिघडण्याआधीच सर्वांनी मेजाभोवती बसून काय काय बिघडू शकते याची यादी करायची आणि प्रत्येकावरचा उपाय ठरवून ठेवायचा. याशिवाय वैमानिकांना प्रशिक्षण देणाऱ्या दोन कप्तानांचाही सल्ला घेण्यात आला. विमानात कितीही अनुभवी वैमानिक असला तरी उड्डाणापूर्वी तो यादी वाचूनच तपासणी करतो. स्मरणशक्तीवर विसंबणे हा तेथे अभिमानाचा विषय मानला जात नाही. आपल्याकडे ‘मला सगळे तोंडपाठ आहे’ असे सांगणाऱ्या मुनीमजींचे कौतुक होते खरे, पण खातेवही तरीही लिहिलीच जाते.

यातून जी पद्धत तयार झाली तिचे टप्पे असे. रुग्ण शस्त्रक्रियागृहातून निघण्यापूर्वीच त्याच्यासंबंधीचा एक कागद अतिदक्षता विभागात पोचतो. व्हेंटिलेटर कोणत्या मापावर लावायचा, कोणती औषधे चालू आहेत, कोणते पंप लागतील हे त्यावर असते. त्यामुळे खाट येण्याआधी तिकडची सिद्धता पूर्ण असते. खाट पोचल्यावर पहिल्यांदा केवळ यंत्रांचे हस्तांतर होते. श्वासाची बाजू भूलतज्ज्ञ पाहतात, मॉनिटरची जोडणी शस्त्रक्रियागृहाचे सहायक करतात, ड्रेनच्या नळ्या परिचारिका सांभाळतात. या वेळी रुग्णाची कहाणी सांगायला कोणी सुरुवात करायची नाही. प्रत्येक जोडणी सुरक्षित झाली आणि रुग्ण स्थिर आहे हे भूलतज्ज्ञांनी पाहिले, की मग माहितीचे हस्तांतर. आधी भूलतज्ज्ञ बोलतात, नंतर शल्यविशारद. एका वेळी एकच जण, हातात छापील यादी, आणि मध्ये कोणी तोंड घालायचे नाही. अखेरीस चर्चा होते: अतिदक्षता विभागाचे डॉक्टर आपल्याला काय समजले ते सांगतात, शंका विचारतात, पुढील काही तासांचा बेत ठरतो. एवढे झाल्यावरच रुग्णाची जबाबदारी भूलतज्ज्ञांकडून त्यांच्याकडे जाते. तोपर्यंत पाटी भूलतज्ज्ञांच्याच हाती असते.

तिजोरीच्या किल्लीशी असलेले याचे साम्य वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

या पद्धतीचा परिणाम केन कॅचपोल या अभ्यासकाने द लेव्हल, इलियट, गोल्डमन आदींसह मोजला आणि २००७ साली प्रसिद्ध केला. एकूण ५० हस्तांतरे पाहिली: २३ जुन्या पद्धतीची, २७ नव्या पद्धतीची. यंत्रांच्या जोडणीतील चुका दर हस्तांतरामागे सरासरी ५.४२ होत्या, त्या ३.१५ वर आल्या. माहिती सांगायची राहून जाण्याचे प्रमाण २.०९ वरून १.०७ झाले. यंत्रे आणि माहिती या दोन्ही बाबतींत एकापेक्षा अधिक चुका झाल्या असे रुग्ण पूर्वी २३ पैकी ९ होते, नंतर २७ पैकी ३. आणि एवढी शिस्त पाळूनही वेळ वाढला नाही, उलट १०.८ मिनिटांवरून ९.४ मिनिटांवर आला. ‘कागद भरत बसलो तर काम कधी करायचे’ हा सर्वत्र ऐकू येणारा आक्षेप येथे तरी टिकला नाही.

हे आकडे वाचताना थोडे तारतम्य ठेवले पाहिजे. पन्नास ही संख्या लहान आहे, रुग्णालय एकच आहे, आणि या अभ्यासात मोजल्या त्या चुका होत्या. मृत्यू किती टळले हे त्यातून सिद्ध होत नाही. नव्या पद्धतीनंतरही प्रत्येक हस्तांतरात सरासरी तीन चुका उरल्याच होत्या. फेरारीचे नाव जोडले गेल्याने ही हकिकत वर्तमानपत्रांत गाजली आणि गाजलेल्या गोष्टीला जरा जास्त झळाळी येते. परंतु लहान चुका साचून मोठे अरिष्ट ओढवते हे जर द लेव्हल यांच्या अभ्यासातून आधीच दिसले होते, तर त्या लहान चुका निम्म्याच्या आसपास येणे ही काही किरकोळ प्राप्ती नव्हे. त्यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागले नाही, हेही हिशेबात धरावे.

पुढे याच विचाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कामामुळे मोठे बळ मिळाले. २००८ साली संघटनेने शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची यादी जाहीर केली. या कामाचे नेतृत्व बोस्टनचे शल्यविशारद अतुल गावंडे यांनी केले. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे यवतमाळ जिल्ह्यातील उटी या खेड्याचे, शेतकरी घरातून अमेरिकेत गेलेले. आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहण्यात आली, त्यांत नवी दिल्लीचेही एक होते. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आले, असे २००९ च्या आरंभी प्रसिद्ध झाले. या यादीचा शेवटचा भाग रुग्ण शस्त्रक्रियागृह सोडण्यापूर्वीचा आहे. बरे होण्याच्या काळात या रुग्णाबाबत कशाची काळजी घ्यायची, याचा उच्चार शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांनी तेथेच करावा अशी त्यात अपेक्षा आहे.

मात्र २०१४ मध्ये कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला. तेथे यादी सक्तीची केल्यावर मृत्यू वा गुंतागुंत यांत लक्षणीय घट आढळली नाही. यादी तीच, मग फळ का नाही? यावर तज्ज्ञांत पुष्कळ वाद झाला. ज्यांनी कार्यालयांतील नोंदवह्या तपासल्या आहेत त्यांना एक शक्यता तरी चटकन सुचेल. महिन्याभराच्या नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत, एकाच वळणाच्या अक्षरात केलेल्या दिसल्या की तपासनीस काय ते समजतो. खूण करणे आणि तपासणे या दोन निराळ्या क्रिया आहेत.

जैन वाचकाला येथे एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. साधूंच्या आचारात पाच समिती सांगितल्या आहेत. चालताना ईर्या समिती आणि बोलताना भाषा समिती बहुतेकांना ठाऊक असते. चौथी आदान-निक्षेपण समिती तेवढी चर्चेत येत नाही. कोणतीही वस्तू उचलताना आणि ठेवताना राखायचे अवधान म्हणजे ही समिती. मुनी कमंडलू वा शास्त्र उचलतात ते आधी जागा पाहून, पिंछीने किंवा ओघ्याने हळुवार प्रमार्जन करून, आणि ठेवतात तेही तसेच. वस्तू एका जागी स्वस्थ असते तेव्हा हिंसेचा संभव कमी असतो. तो असतो घेण्याच्या आणि ठेवण्याच्या क्षणी. हे शास्त्रकारांनी सूक्ष्म जीवांच्या संदर्भात सांगितले. लंडनच्या डॉक्टरांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही मनगटात नळी असलेल्या अर्भकाची खाट एका विभागातून दुसऱ्यात नेताना ते ज्या गोष्टीचा शोध घेत होते, तिला आपल्याकडे यतना हा शब्द फार जुना आहे.

या विषयाचा समाजाशी आणखी एक सरळ संबंध आहे. महाराष्ट्रातील अनेक धर्मादाय रुग्णालये जैन विश्वस्तांच्या आणि दात्यांच्या बळावर उभी आहेत. दात्याला डायलिसिसचे यंत्र द्यावेसे वाटते, व्हेंटिलेटर द्यावासा वाटतो, वडिलांच्या नावाची पाटी लागावी ही इच्छाही स्वाभाविक आहे. हस्तांतराच्या पद्धतीवर पाटी लावता येत नाही, म्हणून तिच्याकडे देणगीचा ओघ वळत नाही. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत खाटा किती भरल्या, थकबाकी किती, औषधांची खरेदी कोणाकडून, हे विषय येतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अतिदक्षता विभागात येतो तेव्हा कोण कोणाला काय सांगतो, ते कागदावर असते का, आणि तो कागद त्याच वेळी भरला जातो की संध्याकाळी एकगठ्ठा, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारते. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांतही रुग्णाची माहिती एका हातातून दुसऱ्या हातात देण्याची पद्धत ठरलेली असावी अशी अपेक्षा आहे. विश्वस्ताने वैद्यकीय बाबतीत ढवळाढवळ करू नये हे योग्यच, परंतु पद्धत आहे की नाही हे विचारणे म्हणजे ढवळाढवळ नव्हे. परिचारिकांची संख्या हा तर सर्वस्वी विश्वस्तांच्याच अखत्यारीतला विषय. खाट येते त्या वेळी तीन रुग्णांमागे एकच सिस्टर धावत असेल, तर जगातील कोणतीही यादी तिच्या हाताला येणार नाही.

आता घरच्या मंडळींविषयी. त्यांच्या हाती थोडे असते, पण जे असते ते शस्त्रक्रियेच्या आधीचे असते. रुग्ण रोज कोणत्या गोळ्या किती घेतो, रक्त पातळ होण्याची गोळी केव्हा थांबवली, कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ उठले होते, वैद्यांचा काढा वा चूर्ण चालू आहे का, हे एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून भूलतज्ज्ञांच्या हाती द्यावे. आपल्या घरांत एक गोष्ट बऱ्याचदा सांगायची राहते, ती म्हणजे तपश्चर्या. नुकतीच अठ्ठाई झाली असेल, वर्षीतप चालू असेल, चौविहारामुळे सायंकाळनंतर पाणी घेतले जात नसेल, तर ते अवश्य सांगितले पाहिजे. दीर्घ उपवासानंतर शरीरातील पाणी आणि क्षार यांचे प्रमाण बदललेले असू शकते, आणि मधुमेही रुग्णाच्या बाबतीत तर याचे महत्त्व अधिकच. ‘त्यात डॉक्टरांना काय सांगायचे, ते धर्माचे आहे’ हा संकोच येथे उपयोगाचा नाही.

तसाच एक नाजूक प्रश्न औषधांच्या उगमाचा. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून मिळवलेले असते. काही कृत्रिम झडपाही प्राण्यांच्या ऊतींपासून बनतात, तर धातूच्या झडपांना आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते. काय स्वीकारायचे आणि काय नाही, हा प्रत्येक कुटुंबाच्या श्रद्धेचा आणि वैद्यकीय सल्ल्याचा विषय आहे. पण ती चर्चा शल्यविशारदांशी आठ दिवस आधी शांतपणे व्हावी. अतिदक्षता विभागाच्या दारात, पंप चालू असताना, ती करण्यात कोणाचेच हित नसते.

आणि शेवटी ती मार्गिका. एकत्र कुटुंबांत रुग्णासाठी वीस-पंचवीस माणसे जमतात. प्रेम असते म्हणूनच जमतात. खाट बाहेर आली की सगळे पुढे सरसावतात, कोणी हात धरू पाहतो, कोणी ‘काका, डोळे उघडा’ म्हणतो, कोणी भूलतज्ज्ञांना थांबवून विचारतो की शुद्धीवर कधी येतील. त्यांचा एक हात फुग्यावर आणि नजर छोट्या मॉनिटरवर असते. त्या क्षणी त्यांना विचारलेला प्रश्न म्हणजे चाक बदलणाऱ्या कारागिराच्या खांद्यावर ठेवलेला हात. काही रुग्णालयांत यासाठी नातेवाइकांना दुसऱ्या दालनात बसवतात, त्याचा राग येऊ देऊ नये. घरातील एकाच जाणत्या व्यक्तीने डॉक्टरांशी बोलायचे असे आदल्या दिवशीच ठरवावे, बाकीच्यांनी माहिती तिच्याकडून घ्यावी. खाट आत गेल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, आतली जोडाजोड आणि सांगणे-ऐकणे आटोपल्यावर, त्या व्यक्तीने अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांना एवढेच विचारावे: आजच्या रात्री यांची जबाबदारी कोणाकडे आहे, आणि सकाळपर्यंत आपण कशावर लक्ष ठेवून आहात? ज्या विभागात हस्तांतर नीट झालेले असते तेथे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे लगेच मिळतात.